तराजू मी उतरवला होता

तीर्थरूप मामंजी,

पत्राच्या सुरुवातीला इकडचं क्षेम सांगून तिकडचं विचारायची रीत आहे. तिकडचं तुम्ही कसं कळवणार? आणि इकडे क्षेम आहे की नाही, हेच मला कळेनासं झालंय. म्हणून ते गाळते आणि मुद्द्यावर येते. लांबण लावलेली तुम्हाला आवडायची नाही. तुम्ही स्वतः लावायचात, ती गोष्ट वेगळी.

तुम्हाला जाऊन वर्ष झालं. गेल्या आठवड्यात वर्षश्राद्धही पार पडलं. आणि आज तुमचे चिरंजीव भरलं ताट तसंच ठेवून पेठेतल्या मारुतीच्या देवळात गेलेत. तिथे सगळे दुकानदार जमलेत. हे तिथे काय बोलणार आहेत ते मला ठाऊक आहे, कारण ते मीच त्यांना आज सकाळी सांगितलं. सांगायला नको होतं का? की चार वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं? कुणाला विचारू? सासूबाई केव्हाच गेल्या. शेजारणीला विचारावं, तर दिवेलागणीच्या आत बातमी रविवार पेठेतून शनिवारात पोचेल. म्हणून तुम्हालाच लिहायला बसले आहे.

मला लिहिता येतं, हे या घरात फक्त तुम्हीच गोड मानून घेतलंत. हडपसरला माझ्या वडिलांचं दुकान होतं आणि त्यांना मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी मला अक्षरं शिकवली. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तुम्ही लोणीच्या पाटलांना लिहिलेल्या पत्रात मी चूक दाखवली. तुम्ही पत्राकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "सूनबाई, हे कुणाला सांगू नका. आणि उद्यापासून पत्रं तुम्हीच लिहा." त्यानंतर तुमची सगळी पत्रं मी लिहिली. हे पहिलंच, जे तुम्ही सांगितलेलं नाही.

मामंजी, बाजाराचं पुन्हा निघालंय.

जुने साहेब बदलून गेले. त्यांनी तुम्हाला दिलेला शब्द तोंडी होता, कागदावर नव्हता. नवे साहेब म्हणतात, बाजार गावातून हलवून छावणीच्या अंगाला न्यायचा. मोकळी जागा, रुंद रस्ते. येत्या रविवारच्या आत पेठेनं होकार द्यावा. आणि या खेपेला आणखी एक शेपूट जोडलंय. जो दुकान बंद ठेवून आडमुठेपणा करील, त्याला नव्या बाजारात जागा मिळणार नाही, ती बाहेरून आलेल्यांना दिली जाईल. म्हणजे दुकानं बंद करायची खूण चुकली तर माणसं दोन्हीकडून गेली.

आणि खूण करायची कुणी? पेठेच्या शेट्यानं! तुम्ही गेल्यावर पेठेनं म्होरकेपणाचं पागोटं तुमच्या चिरंजीवांना बांधलं. तुमचं पागोटं त्यांच्या डोक्याला थोडं मोठं होतं, ते मी आतून शिवून लहान केलं. तेवढंच मला लहान करता आलं.

आपल्या दुकानाचा तराजू खाली उतरवून पारडी पालथी घातली की पेठेनं दुकानं बंद करायची, ही घरातल्या थोरल्या शेटजींपासूनची रीत. श्रीमंतांच्या राज्यात हमालांना वेठीला धरून नेलं, तेव्हा थोरल्या शेटजींनी ती खूण केली आणि हमाल परत आले. ही कथा तुम्ही मला किती वेळा सांगितलीत! पण सांगितलीत केव्हा? सगळं घडून गेल्यावर. मी हडपसरची पोर, मला पेठेच्या खुणा काय ठाऊक? आधी एकदा सांगितली असतीत तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती. रागावू नका, पण यात थोडी चूक तुमचीही आहे.

त्या दिवसाचं सांगते. चैत्र होता. हे लोणीला गुळासाठी गेले होते. तुम्हाला संगमावरच्या कचेरीत बोलावणं होतं. आदल्या आठवडाभर पेठेतली माणसं येऊन तुम्हाला विचारत होती, "शेटजी, काय ठरलं?" आणि तुम्ही तुमचं ठेवणीतलं एकच उत्तर देत होतात, "बघू."

सकाळी तुम्ही मला ताटात गुळाच्या पाच भेली मांडायला सांगितल्यात, वर रेशमी रुमाल. मी मांडत होते आणि माजघराच्या दाराआड तुम्ही एकटेच बोलत होतात. मी मुद्दाम ऐकलं नाही. म्हणजे, आधी मुद्दाम नाही ऐकलं. तुम्ही म्हणत होतात, "साहेब, आपण म्हणता ते रास्त आहे. पेठेची ना नाही." मग थोडा वेळ गप्प. मग खाकरून, "साहेब, बाजार जागचा हलणार नाही. आमच्या वाडवडिलांनी वसवलेला आहे." पुन्हा गप्प. पुन्हा पहिलं. दोन्ही बोलणी तुम्ही सारख्याच जोरात आणि सारख्याच अदबीनं म्हटलीत. दोन्ही वेळा तुमचा आवाज जरासा कापला. मामंजी, यांतलं कचेरीत कुठलं बोलणार होतात? गूळ तुम्ही होकारासाठी नेत होतात, की नकार जरा गोड लागावा म्हणून?

तुम्ही निघालात. मी तराजूकडे पाहिलं, तर पारड्यांवर मुंगळेच मुंगळे. गुळाचा तराजू तो, त्यात उन्हाळा! दुकान बंदच होतं. म्हटलं, तुम्ही दोघं परत यायच्या आत स्वच्छ करून टाकू. उतरवला, चिंच आणि राख लावून घासला, आणि वाळायला दुकानाच्या पायरीवर ठेवला. ऊन तिथेच येतं. आणि भांडं वाळायला कसं ठेवतात? पालथंच ठेवतात!

मग मी आत येऊन भाकऱ्या थापायला बसले. घटकाभरानं बाहेर अशी शांतता झाली की मला वाटलं, पेठेत कुणीतरी मोठं माणूस वारलं.

त्या दिवशी तुम्हाला लोकांनी खांद्यावर बसवून आणलं. पेठ बंद झाल्याची बातमी तुम्हाला आत बोलावायच्या आधीच कचेरीत पोचली होती. तुम्ही तोंड उघडायच्या आतच साहेब म्हणाले होते, "बाजार तूर्त आहे तिथेच राहू दे." तूर्त! चार वर्षांचं तूर्त. लोक ओरडत होते, गुलाल उडत होता, आणि तुमच्या हातात ते ताट होतं. पाचही भेली तशाच. साहेबांनी घेतल्या नाहीत, की तुम्ही दिल्याच नाहीत?

तुम्ही पायरीशी आलात. तराजूकडे पाहिलंत. मी दाराआड उभी, हाताला अजून राख. तुम्ही माझ्या हाताकडे पाहिलंत आणि हळूच म्हणालात, "सूनबाई, पारडी वाळली का?"

मी म्हटलं, "हो मामंजी. उचलू का?"

"राहू द्या. तीन दिवस राहू द्या."

बस्स! एवढंच बोलणं झालं आपलं या विषयावर, जन्मात. पुढची तीन वर्षं तुम्ही ती गोष्ट लोकांना सांगितलीत, दर सांगण्यात साहेब थोडे जास्त घाबरत गेले, आणि मी आत बसून ऐकत राहिले. मला राग यायचा का? कधी यायचा. कधी हसू यायचं. तुम्ही मान घेतलात याचा राग नव्हता. तो मला कुणी दिला नसताच, आणि तो घेऊन मी काय करणार होते? पण एकदा, जेवताना सहज, माझ्याकडे पाहून डोळे तरी मिचकावायचे होते.

तुम्ही होतातच तसे. निशाण बदललं तरी श्रीमंतांच्या वाड्यावरून जाताना तुम्ही मुजरा करायचात, आणि कचेरीत शिरताना सलामही. मी एकदा विचारलं, "मामंजी, दोन्हीकडे वाकता?" तर म्हणालात, "कंबर माझी आहे, सूनबाई. निशाणं त्यांची." श्रीमंतांची सनद आणि कंपनी सरकारचा कागद तुम्ही एकाच रुमालात बांधून ठेवायचात आणि दसऱ्याला दोघांवर फूल वाहायचात. मी तुम्हाला बारा वर्षं जवळून पाहिलं, आणि तुम्ही कुणाच्या बाजूचे होतात ते अजून मला सांगता यायचं नाही. गुळाच्या बाजूचे असाल कदाचित.

त्या तीन दिवसांची दुसरी गोष्ट तुम्ही कधी सांगितली नाहीत. ती आज सकाळी दारात येऊन उभी राहिली. लोणी काळभोरची बायजा. तिचा नवरा अंथरुणाला खिळलाय, ती एकटीच गुळाच्या गाड्या हाकत येते. ती आत आली नाही, उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली,

"वैनी, खरं सांगा, औंदाबी तराजू पालथा पडनार हाय का?"

मी म्हटलं, "अजून ठरलं नाही, बायजाबाई."

"ठरवायच्या आदी मला सांगा. मागल्या येळंला तीन दिस माजा गूळ उनात पाघळला. निम्मा मातीत गेला, निम्मा मुंगळ्यांनी नेला. म्हातारे शेटजी देवमानूस व्हते, त्यांच्या शब्दाबाहेर आमी न्हाई. पन त्यांनी इचार करूनच केलं आसंल न्हवं?"

"इचार करूनच!" तिला म्हटलं, ह्यांना विचारून सांगते. तिला पाणी दिलं, तिनं ते पिऊन लोटा पालथा ठेवला आणि गेली.

आत आले, तर हे तराजूखाली उभे. चार दिवस हेच चाललंय. दांडीला हात लावतात, काढून घेतात. जेवण धड नाही, कुणाशी बोलणं नाही. आज माझ्याकडे न बघताच म्हणाले, "अप्पांना एका क्षणात कळलं होतं. कचेरीत जायच्या आधी, शांतपणे, खूण करून गेले. आणि मी? त्यांचाच मुलगा ना मी? मग मला का कळत नाही?"

मामंजी, त्यांचं तोंड बघवेना. बोलून गेले. "अहो, तराजू मामंजींनी उतरवलाच नव्हता. मी उतरवला होता."

"तू? कशाला?"

"मुंगळे झाले होते."

"मुंगळे?"

"हो. मुंगळे."

मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले नाहीत. पायरीवर जाऊन बसले. तिथूनच म्हणाले, "म्हणजे अप्पांनी काही ठरवलंच नव्हतं?"

"ते मला ठाऊक नाही. दाराआड दोन बोलणी म्हणून पाहत होते, एवढं मी ऐकलं."

"दोन?"

"एक हो म्हणायचं, एक नाही म्हणायचं. आवाज कापत होता."

तेव्हा त्यांनी वर पाहिलं. म्हणाले, "अप्पा घाबरायचे का गं?" आणि हे विचारताना तुमच्या मुलाच्या चेहऱ्यावर जे आलं, ते तुम्ही पाहायला हवं होतं. दुःख नव्हतं ते. चार दिवस डोक्यावर ओझं घेऊन फिरणाऱ्या माणसाला कुणी बसायला दगड दाखवावा, तसा चेहरा होता.

इथे मला तुमच्यावर खरा राग आहे. मुलासाठी तुम्ही दुकान ठेवलंत, मान ठेवलात, दोन-दोन राजवटींचे कागद ठेवलेत. पण त्याला घाबरायची मोकळीक ठेवली नाहीत! एकदा सांगायचं होतं त्याला, की बाळ, मलाही त्या दिवशी काही सुचत नव्हतं. सांगितलं असतंत तर तुमचं काय गेलं असतं? आणि मीही गप्प राहिले. तुमच्या मोठेपणाला धक्का नको म्हणून गप्प राहिले, असं मी स्वतःला सांगते. पण खरं तर मला वाटायचं, पेठेला कळलं तर म्हणतील, शेट्याची सून भांडी घासते आणि त्यावर बाजार चालतो.

ह्यांनी तोंड धुतलं, पागोटं चढवलं. म्हणाले, "हे पेठेला सांगायला हवं."

"अहो, कशाला? लोक हसतील. मामंजींचं नाव जाईल."

"जाऊ दे. अप्पांना ठाऊक होतं म्हणून लोक माझ्या मागे येतील, आणि अप्पांनाच ठाऊक नव्हतं. अशा भरवशावर मी कुणाचं दुकान बंद करायला लावणार नाही."

आणि गेले. ताटातला भात गार झाला. मी हे लिहितेय खरी, पण कान देवळाकडे आहेत. मघाशी तिकडून मोठ्यानं हसण्याचा आवाज आला. सगळी पेठ एकदम हसावी, एवढा मोठा! मामंजी, ते ह्यांना हसले का? तुम्हाला हसले का? की मला? मी घर मोडलं का हो तुमचं, एका वाक्यात?

बोरू ठेवते. पायऱ्यांवर पावलं वाजताहेत.

पुन्हा लिहायला बसले आहे. हे आले, जेवले. गार भात दोनदा वाढून घेतला, आणि जेवता जेवता जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते, कारण ते तुम्हाला ठाऊक असणं शक्यच नाही.

ह्यांनी देवळात उभं राहून सगळं सांगितलं. मुंगळे, चिंच, राख, काही लपवलं नाही. मग समोरच्या दुकानातले तात्या कासार, वय झालंय आता त्यांचं फार, ते बसल्या जागेवरून म्हणाले,

"एवढंच ना? मला वाटलं, काही नवीन सांगतोस."

हे म्हणाले, "म्हणजे?"

"अरे, चाळीस वर्षं तुझ्या दुकानासमोर बसतो मी. पारड्यांतून पाणी ठिबकत होतं. शेजारी चिंचेचा चोथा पडला होता. पेठ बंद करायला निघालेला माणूस तराजू आधी घासून ठेवतो होय?"

"मग तात्या, तुम्ही दुकान का बंद केलंत?"

"बंद करायचंच होतं. आठ दिवस सगळ्यांनाच करायचं होतं. पहिलं कुणी करायचं, एवढाच घोळ होता. पुढे चौकशी झाली तर शेट्याचं नाव सांगता येईल, म्हणून मी दार ओढलं. माझं पाहून शेजाऱ्यानं ओढलं."

आणि तेव्हा, मामंजी, शेजारी म्हणाला, मलाही ठिबकताना दिसलं होतं. पलीकडचा म्हणाला, मलाही. एकेक जण हात वर करत गेला आणि सगळी पेठ हसली. तोच तो आवाज! निम्म्या पेठेला त्याच दिवशी ठाऊक होतं, उरलेल्यांना दुसऱ्या दिवशी कळलं होतं. ह्यांनी विचारलं, "मग अप्पांना कधी बोलला नाहीत ते?"

तात्या म्हणाले, "त्यांना वाटत होतं, आम्हाला ठाऊक नाही. आम्ही वाटू दिलं. शेट्याचा एवढा मान ठेवायला नको?"

मी ऐकत होते आणि माझ्या हातातली पळी तशीच राहिली. म्हणजे तुम्ही पेठेपासून लपवत होतात, पेठ तुमच्यापासून, मी दोघांपासून, आणि सगळ्यांना सगळं ठाऊक! मग मामंजी, त्या दिवशी बाजार वाचवला कुणी? तुम्ही तर तोंडही उघडलं नाहीत. मी भांडी घासली. तात्यांनी दार ओढलं, ते तुमच्या नावावर. माझं डोकं चालेनासं झालंय.

आता पुढचं. पेठेनं ठरवलंय, तराजू उतरवायचा नाही. निदान साहेबांचं उत्तर येईपर्यंत तरी नाही, म्हणजे बायजाचा गूळ विकला जाईल. तिला तसा निरोप धाडला. उद्या सकाळी सगळेजण कचेरीत जाणार आहेत. शेट्या एकटा नाही, सगळे. तात्यांना डोलीतून नेणार आहेत. काय बोलायचं ते देवळातच ठरलं आणि मी ते कागदावर लिहून दिलं आहे. साहेब ऐकतील का? कुणास ठाऊक! ह्यांना वाटतं, नाही ऐकणार. तरी हे आज झोपतील, असं दिसतंय.

तुमची नात पाच वर्षांची झाली. ती सगळ्यांना सांगत असते की आजोबांनी तराजू दाखवून साहेबाला पळवून लावलं. आजवर मी तिला अडवलं नाही. मामंजी, रागावू नका, पण यापुढे मी तिला ही गोष्ट अशी सांगू देणार नाही. खरी सांगेन, हे तुम्हाला वचन. आजोबांना त्या दिवशी काय करावं ते कळत नव्हतं, आजोबा घाबरलेही होते, आणि तरी गुळाचं ताट घेऊन भर उन्हात पायी निघाले, असं सांगेन. सोबतीला कुणीच नव्हतं. पेठेनं आठ दिवस "काय ठरलं" म्हणून विचारलं, पण "मी येऊ का" असं एकानंही विचारलं नाही. मीही विचारलं नाही. तुम्ही वळणावर ताट दुसऱ्या हातात घेतलंत आणि पागोटं सावरलंत, ते मी खिडकीतून पाहिलं आहे. बाकी सगळ्याचा गोंधळ आहे माझा. एवढ्याचा नाही.

आपली सून,
यमुना